अ‍ॅसेट की सीआय: नोंद कोणासाठी ठेवताय, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आणि पुण्यात मुख्य कार्यालय. लॅपटॉप, डेस्कटॉप, मॉनिटर, प्रिंटर मिळून हजाराच्या वर नग, एक छोटी सर्व्हर रूम, काही व्हर्च्युअल मशीन, थोडंफार क्लाउडवर. सर्व्हिस डेस्कसाठी नवीन टूल घेतलंय. अकाउंट्सचं म्हणणं असं की ऑडिटर विचारतात, त्यामुळे प्रत्येक वस्तू अ‍ॅसेट म्हणून दिसली पाहिजे. तुमचे साहेब म्हणतात, सगळं सीएमडीबीत, म्हणजे यंत्रं, सॉफ्टवेअर आणि त्यांची एकमेकांशी नाती नोंदवायच्या डेटाबेसमध्ये टाका. टूल बसवणारी मंडळी म्हणतात, एक नोंद केली की दुसरी आपोआप तयार होईल असं सेटिंग करून देतो, कटकट नको. आणि तुम्हाला यादी हवी आहे: मॉनिटर, रॅम, स्विच, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), लायसन्स, वेबसाइटचं एसएसएल प्रमाणपत्र (तिची ओळख पटवणारं), शॉप फ्लोअरवरचे स्कॅनर आणि लेबल प्रिंटर. यातलं अ‍ॅसेट काय आणि सीआय (कॉन्फिगरेशन आयटम) काय?

यादी देतो, पण ती का तशी आहे ते समजलं नाही तर पहिल्याच नव्या वस्तूला तुम्ही पुन्हा अडाल. त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

तुमच्याकडे चाललेला वाद वस्तूंबद्दल आहे असं वाटतं, पण तो नोंदींबद्दल आहे. वस्तूंचे दोन ढीग करायचे आणि प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका ढिगात टाकायची, असं हे काम नाही. एकाच वस्तूबद्दल दोन वेगळी माणसं दोन वेगळे प्रश्न विचारतात, म्हणून दोन नोंदी असतात. काही वस्तूंबद्दल दोन्ही प्रश्न विचारले जातात, काहींबद्दल एकच, आणि बऱ्याच वस्तूंबद्दल कोणीच काही विचारत नाही. त्या शेवटच्या गटाची नोंद ठेवूच नये, हेही उत्तरच आहे.

अ‍ॅसेटची नोंद पैशाच्या आणि ताब्याच्या प्रश्नांसाठी असते. केवढ्याला घेतली, कोणत्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर), वॉरंटी कधी संपते, एएमसीत आहे का, सध्या कोणाच्या ताब्यात आहे, कुठे ठेवली आहे, कधी मोडीत काढायची. सीआय म्हणजे कॉन्फिगरेशन आयटम. त्याची नोंद सेवेच्या प्रश्नांसाठी असते. यावर काय चालतं, हे कशाला जोडलेलं आहे, हे बंद पडलं तर कोणाचं काम थांबेल, यात बदल करायला कोणाची मंजुरी लागते, काल रात्री यात कोणी काय बदललं.

एसटीच्या आगाराचं उदाहरण घ्या. गाडीचा नोंदणी क्रमांक, ती कधी घेतली, किती किलोमीटर झाले, कधी मोडीत जाणार, हा एक हिशेब. सकाळी सातच्या पुणे-सातारा फेरीला आज कोणती गाडी लावली, हा दुसरा. गाडी वर्कशॉपला गेली म्हणून फेरी रद्द होत नाही, दुसरी गाडी लागते. आणि एखादी गाडी कुठल्याच फेरीवर नसली तरी ती महामंडळाच्या मालकीची असतेच. अ‍ॅसेट आणि सीआय यांचं नातं बरंचसं असं आहे. गोंधळ होतो तो गाडीच्या वहीत फेरी लिहायला गेल्यावर.

हा गोंधळ तुमच्या एकट्याकडे नाही. आयटीआयएल हा आयटी सेवा सांभाळायच्या पद्धतींचा संच; त्याच्या २००७ च्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी एकाच प्रक्रियेत बसवलेल्या होत्या. त्यामुळे त्या काळात शिकलेल्या पुष्कळ लोकांच्या डोक्यात अ‍ॅसेट आणि सीआय जवळपास एकच. २०१९ च्या आयटीआयएल ४ मध्ये त्यांच्या दोन स्वतंत्र पद्धती केल्या, आणि आयएसओ २०००० या आयटी सेवांच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतही दोन्हींची कलमं वेगळी आहेत. मला हे वेगळं करणं पटतं, आणि त्याचं कारण कामाच्या चालीत आहे. अ‍ॅसेटच्या नोंदीत वर्षातून चार-सहा वेळा हालचाल होते: माल आला, दिला, परत घेतला, दुरुस्तीला पाठवला, भंगारात काढला. सीआयची नोंद आठवड्यातून दोनदा बदलू शकते. अ‍ॅसेटची नोंद स्टोअर आणि खरेदी विभाग सांभाळतो, सीआयची सर्व्हर आणि नेटवर्कवाली मंडळी. चाल वेगळी, माणसं वेगळी, तर वहीही वेगळी बरी. फक्त त्या दोन वह्यांमध्ये धागा हवा. त्या धाग्यावर पुढे येतो.

आता कसोटी. एखादी वस्तू समोर आली की मी आधी अ‍ॅसेटचा प्रश्न विचारतो: हिच्या किमतीबद्दल, कराराबद्दल किंवा ताब्याबद्दल उद्या कोणी जाब विचारणार आहे का? विचारणारा ऑडिटर असेल, विमा कंपनी असेल, लायसन्स तपासायला आलेला विक्रेता असेल, नाहीतर नोकरी सोडून जाणाऱ्याचा लॅपटॉप परत घेणारा एचआर असेल. उत्तर हो असेल तर अ‍ॅसेट.

मग सीआयचे प्रश्न, आणि ते तीन आहेत. यात बदल करायचा तर आपण चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलासाठी रीतसर मंजुरीची मागणी काढू का? हे बिघडलं तर कुठली सेवा बिघडते हे जाणून घ्यायची गरज पडेल का? आणि तिसरा, जो बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही: ही नोंद खरी ठेवणार कोण? माणसाचं नाव नाही आणि डिस्कव्हरीचं (नेटवर्कवरची यंत्रं आपोआप शोधणारं) साधनही तिथे पोहोचत नाही, तर ती नोंद करू नका. चुकीची सीआय नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. रात्री दोन वाजता ऑन-कॉल माणूस त्या नोंदीवर विश्वास ठेवून भलताच सर्व्हर रीस्टार्ट करतो. म्हणून साहेबांच्या ‘सगळं टाका’ला माझा विरोध आहे. टाकणं एका आठवड्याचं काम आहे. खरा खर्च ते खरं ठेवण्याचा, आणि तो टूलच्या बिलात कुठेच दिसत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. बँकेत जी वस्तू बिनशर्त सीआय असेल ती तुमच्याकडे नसेलही. तुमच्याकडे चेंज मॅनेजमेंट खरंच चालतं का, की नुसतं कागदावर आहे? डिस्कव्हरी कारखान्याच्या नेटवर्कपर्यंत पोहोचते का, की फक्त ऑफिसच्या? लॅपटॉप विकत घेतलेत की भाड्यावर? हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जिथे उत्तर यावर पालटतं तिथे तसं सांगतो.

अकाउंट्सचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यांचा आग्रह रास्त आहे. कारो २०२० (कंपन्यांच्या ऑडिटरच्या अहवालाबद्दलचा आदेश) खाली ऑडिटरला लिहून द्यावं लागतं की कंपनीने स्थिर मालमत्तेच्या नीट नोंदी ठेवल्या आहेत का, आणि त्यात नगांची संख्या व जागा या दोन्हींचा तपशील आहे का. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये सर्व्हर आणि नेटवर्कचं उपयुक्त आयुष्य ६ वर्षं धरलंय, डेस्कटॉप-लॅपटॉपचं ३ वर्षं. म्हणजे घसाऱ्यासाठीसुद्धा कुठली वस्तू कशात मोडते ते लागतं. पण त्यांचं फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टर आणि तुमची आयटी अ‍ॅसेटची यादी या दोन्ही एक नव्हेत, हे त्यांच्याशी बसून एकदा स्पष्ट करून घ्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये ‘लॅपटॉप, ५० नग’ अशी एक ओळ असू शकते. तुम्हाला पन्नास ओळी लागतात, प्रत्येकीला सीरियल नंबर. दुसरीकडे कमी किमतीचा मॉनिटर त्यांनी थेट खर्चात टाकलेला असेल, त्यांच्या लेखी तो मालमत्ता नाहीच. तुमच्या लेखी आहे, कारण तो कोणाच्या तरी टेबलावर आहे आणि परत घ्यायचा आहे. (पाच हजारांपर्यंतच्या वस्तूवर शंभर टक्के घसारा ही तरतूद १९५६ च्या कायद्यातली. २०१३ च्या कायद्यात ती राहिली नाही. हल्ली ती मर्यादा कंपनीच्या धोरणाने ठरते, म्हणून तुमच्या अकाउंट्सला त्यांचा आकडा विचारून घ्या.) भाड्याचे लॅपटॉपही तसेच: तुमच्या मालकीचे नसले तरी हरवले तर भरपाई तुम्हीच देणार, म्हणजे अ‍ॅसेटच्या यादीत हवेत. प्रत्येक आयटी अ‍ॅसेटवर अकाउंट्सच्या ओळीचा क्रमांक लिहा, जिथे तो असेल तिथे. दोन याद्या जुळवायला तेवढं पुरतं.

अ‍ॅसेटच्या बाजूचं आणखी एक कारण तुमच्याकडे कोणाच्या लक्षात आलं नसावं. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अनुसूचीतली हजार किंवा जास्त उपकरणं वर्षात कधीही वापरात असतील तर ती संस्था त्या नियमांत मोठा ग्राहक ठरते, आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रीसायकलरकडेच द्यायचा असतो. तुम्ही दिलेल्या आकड्यावरून तुम्ही त्यात बसता. जुना मॉनिटर कोणाला, कधी, कोणत्या पावतीवर दिला हे दाखवता आलं पाहिजे. सीएमडीबी या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. मॉनिटरचं सीआय म्हणून आयुष्य कधी सुरूच झालेलं नसतं.

तर मॉनिटर: अ‍ॅसेट, सीआय नाही. माउस, कीबोर्ड, केबल: दोन्ही नाहीत. स्टोअरमध्ये नगांचा साठा ठेवा, तेवढं बस. रॅम आणि हार्ड डिस्क: यंत्राच्या नोंदीतला एक खाना, वेगळी नोंद नाही. सुटी रॅम कपाटात पडून असेल तर तो साठा. मोडीत काढलेल्या डिस्कवर डेटा असतो, म्हणून ती नष्ट केल्याचा दाखला मात्र त्या यंत्राच्या अ‍ॅसेट नोंदीला जोडून ठेवा.

लॅपटॉप: अ‍ॅसेट नक्की. सीआय का, यावर लोक भांडतात. माझं मत असं की लॅपटॉपवर डिस्कव्हरी किंवा एंडपॉइंटचं साधन चालू असेल तर त्याची हलकी सीआय नोंद आपोआप येऊ द्या: ऑपरेटिंग सिस्टिम, पॅच, बसवलेली सॉफ्टवेअर. तिकिटावर ती नोंद निवडता येते, कुठल्या मॉडेलची बॅटरी वारंवार जाते ते कळतं. पण लॅपटॉपची सेवांशी नाती जोडत बसू नका. असं साधन नसेल तर फक्त अ‍ॅसेट ठेवा. हाताने भरलेली ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती सहा महिन्यांत निरुपयोगी होते.

सर्व्हर आणि स्विच यांना दोन्ही नोंदी लागतात, यात वाद नाही. वाद पुढे आहे: वॉरंटीत सर्व्हर बदलून मिळाला तर काय करायचं? जुना सीरियल नंबर विक्रेत्याकडे परत गेला, म्हणजे जुनी अ‍ॅसेट नोंद ‘विक्रेत्याला परत’ अशी बंद होते आणि नवी सुरू होते. नव्या नोंदीत जुन्या पीओचा संदर्भ ठेवायचा, कारण पैसे त्याच पीओवर गेलेले आहेत. आता सीआय. उत्पादनाचा डेटाबेस कालही होता, आजही आहे. बहुतेक टूलमध्ये हार्डवेअरची सीआय नोंद सीरियल नंबरवरच ओळखली जाते, त्यामुळे तीही नवी होईल. म्हणून डेटाबेसची सीआय नोंद हार्डवेअरपासून वेगळी ठेवावी लागते, आणि सगळी नाती, चेंजचा सगळा इतिहास तिच्यावर लावावा लागतो. वरच्या उदाहरणातली फेरी ती हीच. ज्यांनी नाती थेट खोक्यावर लावलेली असतात त्यांचा नकाशा खोकं बदललं की पुसला जातो. रॅकमधले दोन स्विच जोडून एकच तार्किक स्विच केलेला असेल तर तिथे दोन अ‍ॅसेट आणि एक सीआय होतो.  टूलवाल्यांना पहिल्याच दिवशी विचारा की एका सीआयला दोन अ‍ॅसेट जोडता येतात का.

व्हीएम हा सीआय. कोणी त्याचं बिल दिलेलं नाही, तो गोदामात ठेवता येत नाही, भंगारात जात नाही. तरीही त्याचं अ‍ॅसेटशी नातं आहे, आणि ते लायसन्समधून येतं. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजतात: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८, प्रत्येक भौतिक सर्व्हरला किमान १६. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरचे सगळे कोअर भरले की त्यावर दोन व्हीएम चालवायचा हक्क मिळतो. तिसरा व्हीएम उभा करायला तुमच्या इंजिनिअरला दहा मिनिटं लागतात, त्याला पीओ लागत नाही, अकाउंट्सला कळत नाही, आणि लायसन्सची गरज मात्र तिथल्या तिथे वाढते. ‘हा व्हीएम कोणत्या भौतिक सर्व्हरवर आहे’ हे सीएमडीबीतलं नातं आणि ‘आपण किती कोअरची लायसन्स घेतली आहेत’ ही अ‍ॅसेटची नोंद शेजारी ठेवली, तरच आपण कायद्यात आहोत की नाही ते सांगता येतं. त्यामुळे लायसन्स, म्हणजे हक्क आणि करार, हा अ‍ॅसेट. बसवलेलं सॉफ्टवेअर ही सीआयच्या बाजूची माहिती. दोन्हींना ‘सॉफ्टवेअर’ म्हणून एकाच यादीत टाकलेलं मी अनेक कंपन्यांत पाहिलंय, आणि तिथे लायसन्सचा ताळा कधीच लागत नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखी सदस्यत्वावर चालणारी सॉफ्टवेअर: करार आणि सीट्स अ‍ॅसेट, ईमेल ही सेवा म्हणून एक सीआय, बस. प्रत्येक वापरकर्त्याचं खातं सीआय करू नका. क्लाउडवरच्या मशीनचंही तेच: मशीन सीआय, पण ती डिस्कव्हरीने किंवा क्लाउडच्या एपीआयमधूनच यावी. वर्षा-तीन वर्षांचा वापराचा करार केला असेल तर तो अ‍ॅसेट. कंटेनर (अ‍ॅप्लिकेशन चालवायची छोटी तात्पुरती खोकी) मिनिटामिनिटाला जन्मतात आणि मरतात, त्यांच्या मागे लागू नका. क्लस्टर (ते चालवणारा मशीनचा गट) आणि त्यावरचं अ‍ॅप्लिकेशन एवढ्याच नोंदी ठेवा.

एसएसएल प्रमाणपत्र. तुम्ही हे यादीत घातलंत म्हणून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक विसरतात. याची किंमत नगण्य, कधी फुकट, म्हणून अ‍ॅसेटच्या कसोटीत ते नापास होतं आणि मग कुठेच राहत नाही. सीआयच्या कसोटीवर मात्र ते पहिल्या रांगेत बसतं: मुदत संपली तर पोर्टल बंद, ग्राहकाचं ऑर्डर पाठवणं बंद. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून चौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, तेव्हा नेटवर्कवरची वाहतूक तपासणाऱ्या उपकरणावरच्या प्रमाणपत्राची मुदत संपून गेलेली होती, त्यामुळे डेटा बाहेर जाताना कोणाला दिसलाच नाही. आता तर सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटते आहे: ३९८ दिवसांची २०० दिवसांवर आणण्यासाठी १५ मार्च २०२६, १०० दिवसांसाठी १५ मार्च २०२७, आणि ४७ दिवसांसाठी १५ मार्च २०२९ या तारखा ठरल्या आहेत. वर्षातून एकदा कॅलेंडरमध्ये आठवण लावून भागत होतं ते दिवस गेले. प्रमाणपत्र सीआय करा, त्याला मालक द्या, ज्या अ‍ॅप्लिकेशनवर ते आहे त्याच्याशी जोडा. डोमेन नाव मात्र दोन्ही: त्याचं नूतनीकरण पैशाचं आणि कराराचं काम आहे, आणि ते गेलं तर सगळंच बंद.

आता शॉप फ्लोअर. इथे जरा थांबतो, कारण तुमच्यासारख्या कारखान्यात खरी जोखीम इथे आहे आणि पुस्तकी याद्या इथे कमी पडतात.

डिस्पॅचच्या गेटवरचा लेबल प्रिंटर बंद पडला की गाडी भरून उभी राहते. लेबलाशिवाय ग्राहक माल घेत नाही. त्याच मॉडेलचा प्रिंटर स्टोअरच्या ऑफिसात असेल तर तो दोन दिवस बंद राहिला तरी कोणी ओरडत नाही. दोन्ही अ‍ॅसेट आहेत. सीआय म्हणून मन लावून सांभाळायचा तो गेटवरचा. म्हणजे मॉडेल सारखं, किंमत सारखी, आणि निर्णय वेगळा. अडचण अशी की बरीच टूल वस्तूच्या प्रकारावरून ठरवतात. सर्व्हिसनाऊ या सर्व्हिस डेस्कच्या टूलमध्ये, उदाहरणार्थ, मॉडेल कॅटेगरीत अ‍ॅसेटचा आणि सीआयचा असे दोन वर्ग भरलेले असले की त्या प्रकारच्या प्रत्येक नगाला दोन्ही नोंदी तयार होतात. तिथे टूलशी झगडू नका. सगळ्या प्रिंटरच्या सीआय नोंदी तयार झाल्या तर होऊ द्या, पण मालक, महत्त्वाची श्रेणी आणि सेवेशी नातं फक्त गेटवरच्या प्रिंटरला द्या. बाकीच्या नोंदी पडून राहतील, त्यांचं ओझं नाही. हातातले स्कॅनर एकमेकांच्या जागी चालतात, म्हणून प्रत्येक स्कॅनर अ‍ॅसेट ठेवा आणि सीआय करायचाच तर त्यांच्या मागचं वायरलेस नेटवर्क आणि स्कॅनिंगचं अ‍ॅप्लिकेशन करा. थांबतं ते तिथेच.

आणि मशिनच्या पोटातले संगणक. सीएनसी मशिन किंवा टेस्टिंग रिग आली तेव्हा तिच्यासोबत एक पीसी आला. त्याचा वेगळा पीओ नाही, अकाउंट्समध्ये त्याची किंमत मशिनरीत गेली, आयटीने तो मागवलेला नाही, मेंटेनन्स विभाग त्याला मशिनचाच भाग समजतो. कुठल्याही अ‍ॅसेट यादीत तो वेगळा दिसत नाही. पण तो तुमच्या नेटवर्कवर आहे, त्यावर विंडोज आहे, कधी कधी कोणीतरी त्यात पेन ड्राइव्ह घालतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे विंडोज १० किती यंत्रांवर आहे असं कोणी विचारलं आणि तुम्ही अ‍ॅसेट यादीतून आकडा दिला, तर हे सगळे पीसी त्यातून निसटलेले असतील. हे सीआय, आयटीच्या अ‍ॅसेट नोंदीशिवाय. पैशाच्या नोंदीसाठी मशिनचा अ‍ॅसेट क्रमांक त्यावर लिहा, मालक म्हणून मेंटेनन्सचं नाव घाला. आणि डिस्कव्हरीचं स्कॅन त्या नेटवर्कवर सोडण्यापूर्वी मेंटेनन्स आणि मशिनच्या पुरवठादाराला विचारा. जुने कंट्रोलर स्कॅनने अडकून बसू शकतात. पहिल्यांदा कागद-पेन घेऊन लाइनवर फिरणं जास्त सुरक्षित.

यालाच जोडून: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. त्या सहा तासांत एक आयपी पत्ता हातात असतो आणि तो काय आहे, कुठे आहे, कोणाचा आहे, त्यावरून पुढे काय जोडलेलं आहे हे शोधायचं असतं. तेव्हा खरेदीची किंमत कोणी विचारत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हाही प्रश्न ‘कुठल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ही लायब्ररी आहे’ असाच होता. म्हणून प्रत्येक लायब्ररी सीआय करा असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच झेपत नाही; त्यासाठी सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी वेगळी ठेवतात. पण अ‍ॅप्लिकेशन सीआय म्हणून असेल आणि त्याचा मालक लिहिलेला असेल, तर निदान कोणाला फोन करायचा ते पाच मिनिटांत कळतं.

आता तो धागा आणि टूलवाल्यांचं ‘आपोआप’. आपोआप जोडणी वाईट नाही, पण तिचे नियम तुम्ही ठरवा.

पहिला नियम: अ‍ॅसेटचा जन्म माल आल्याच्या पावतीतून, म्हणजे जीआरएनमधून होतो, डिस्कव्हरीतून नाही. डिस्कव्हरीला नेटवर्कवर सुरू असलेलंच दिसतं. कपाटातला नवा लॅपटॉप, दुरुस्तीला गेलेला सर्व्हर तिला दिसत नाही, आणि पाहुण्याचा लॅपटॉप दिसतो. डिस्कव्हरीला अ‍ॅसेट यादीत नसलेला सीरियल नंबर सापडला तर नवी अ‍ॅसेट नोंद होऊ देऊ नका, तिकीट उघडू द्या. ते तिकीट तुमच्या हातातलं सगळ्यात उपयोगी तिकीट असेल: एकतर खरेदीची नोंद राहिली आहे, नाहीतर परकं यंत्र आत आलंय.

दुसरा नियम: एका खान्याचा एकच मालक. ताबा, जागा, किंमत, वॉरंटी अ‍ॅसेटकडून सीआयकडे जातं. आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलेलं सॉफ्टवेअर डिस्कव्हरीकडून येतं आणि अ‍ॅसेटमध्ये कोणी हाताने लिहीत नाही. दोन्हीकडून लिहिता येणारा खाना ठेवलात तर तो महिन्याभरात कोणाचाच राहत नाही.

तिसरा नियम स्थितीचा, आणि टूलच्या तयार सेटिंगमध्ये सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सर्व्हर सेवेतून काढला की सीआय ‘निवृत्त’ होतो. त्याच क्षणी अ‍ॅसेट मोडीत गेलेली नसते. ती स्टोअरमध्ये येते, तिची वॉरंटी शिल्लक असू शकते, ती दुसरीकडे लागू शकते. आपोआप जोडणीने दोन्ही एकदम ‘निवृत्त’ केलं तर ऑडिटरला रॅकमध्ये ठेवलेलं यंत्र कागदावर मोडीत गेलेलं दिसतं. म्हणून सीआय निवृत्त झाला की अ‍ॅसेट ‘साठ्यात’ जावी, आणि ‘विल्हेवाट’ ही स्थिती फक्त अ‍ॅसेट सांभाळणाऱ्या माणसाने, रीसायकलरची पावती जोडूनच लावावी.

धागा म्हणून सीरियल नंबर वापरा. तुमच्या टॅगचा क्रमांकही ठेवा, पण टॅग निघतात, बदलतात. ज्याला सीरियल नंबर नाही, उदाहरणार्थ व्हीएम, त्याला अ‍ॅसेटचा धागा नसतोच, त्याचा धागा ज्या भौतिक सर्व्हरवर तो चालतो त्याच्याशी.

साहेबांशी बोलताना ‘सगळं नको’ असं म्हणू नका, ते नकारात्मक वाटतं. त्यांना विचारा की कुठल्या तीन सेवा बंद पडल्या तर कारखान्याच्या मालकांचा फोन येतो. माझा अंदाज आहे की उत्तर डिस्पॅच, ईआरपी आणि उत्पादनाचं सॉफ्टवेअर असं काहीतरी येईल. डिस्पॅचपासून सुरुवात करा: लेबल प्रिंटरपासून मागे मागे जा, स्विच, वायरलेस, अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, त्याचा व्हीएम, त्याचा भौतिक सर्व्हर, यूपीएस, प्रमाणपत्र. बहुतेक तीस-चाळीस नोंदी होतील. प्रत्येकीला माणसाचं नाव द्या. पुढच्या दोन महिन्यांत डिस्पॅचशी संबंधित प्रत्येक चेंज आणि प्रत्येक तिकीट त्या नोंदींवर पडतंय का ते बघा. जिच्यावर काहीच पडलं नाही अशी नोंद काढायची की ठेवायची ते तेव्हा ठरवा. यूपीएस दोन महिन्यांत गप्प असणार आणि तरीही ठेवायचाच, पण एखादा सुटा पॅच पॅनेल काढून टाकाल. मग ईआरपीकडे वळा.

अ‍ॅसेटचं काम याच्याशी बांधून ठेवू नका. ते समांतर आणि संपूर्ण करा, कारण तिथे निवड करायची नसते: ताब्याचा किंवा कराराचा प्रश्न येणारी प्रत्येक वस्तू हवी. अकाउंट्सच्या रजिस्टरची प्रत घ्या, स्टोअरच्या माणसाला सोबत घ्या आणि मजल्यामजल्याने प्रत्यक्ष मोजणी करा. मार्चअखेरीच्या आधी झाली तर ऑडिटच्या वेळी तुमचे दोन आठवडे वाचतील. मोजणीत सापडलेल्या मशिनच्या पीसींची एक वेगळी यादी तिथल्या तिथे करून मला इथे सांगा, मेंटेनन्सशी जबाबदारी कशी वाटून घ्यायची ते तुमच्या यादीवरून जास्त नेमकं लिहिता येईल.